देव किती वर आला

वत्सला, माझी बायको, गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून घरात "म्हणजे किती?" असं विचारणारं कोणी राहिलं नाही. भाजीत मीठ जरा कमी आहे म्हटलं की ती चुलीपुढून विचारायची, "म्हणजे किती?" गुडघा थोडा दुखतोय म्हटलं तरी "म्हणजे किती?" घरात आम्ही अहिराणी बोलायचो, हा एक प्रश्न तेवढा ती शुद्ध मराठीत विचारायची, कारण तो तिचा नव्हता. तो तिनं इंगळे मॅडमकडून उचलला होता. आता तिच्याबद्दल लिहायला बसलो की आधी मॅडमच पुढं येतात. तर येऊ देत. माझं शिक्षण चौथीचं, लिहिणं बोलल्यासारखं होईल. ज्याला आवडणार नाही त्यानं बाजूला ठेवावं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. धुळ्यात माझी जीप होती, ती मी सरकारी खात्यांना भाड्यानं लावायचो. मोजणी खाती दोन प्रकारची असतात. एक बांध मोजतं. त्याला सगळे ओळखतात आणि चहा पाजतात. दुसरं देश मोजतं, त्याला कोणी विचारत नाही. मॅडम या दुसऱ्या खात्यातल्या. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. काळ्या, सडसडीत, केसांची घट्ट वेणी आणि डोक्यावर पुरुषी सुती टोपी. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाकडं बघितलं नाही. सरळ पुढच्या सीटवर बसल्या आणि दोनदा उसळून पाहिलं.

"नाना, सीटची स्प्रिंग बसलीय."

"थोडी बसलीय, मॅडम."

"थोडी म्हणजे किती?"

मी चाट पडलो. पंधरावीस वर्षं साहेब लोकांना फिरवलं, सीट किती बसली हे कोणी विचारलं नव्हतं. मी हातानं दाबून दाखवलं. त्यांनी बाजारातून कापसाची जाड गादी आणायला लावली, आणि तीही स्वतः उलटसुलट दाबून घेतली. मी मनात म्हटलं, बाई नखरेल दिसते. मग कळलं की गादी त्यांच्यासाठी नव्हती, पेटीसाठी होती.

ती पेटी म्हणजे जमिनीची ओढ मोजायचं यंत्र. आत एक बारीकसं वजन स्प्रिंगला टांगलेलं. जमीन जिथं जास्त ओढते तिथं ते केसापेक्षाही कमी खाली येतं, आणि तेवढं मॅडमला दिसायचं. हादरा बसला की बिघडलं. म्हणून खान्देशातल्या सगळ्या खड्ड्यांतून मॅडम ती पेटी मांडीवर घेऊन बसायच्या, दोन्ही हातांनी, बाळंतपण आटोपून माहेराहून सासरी निघालेली बाई लेकरू धरते तशी. खड्डा चुकला नाही की ओरडायच्या, "नाना, मला नाही, हिला लागतं!" मग पेटीकडं बघून हळूच, "झालं बाई झालं."

यंत्राला ऊबही लागायची. गार पडलं की रुसायचं. पिंपळनेरच्या विश्रामगृहात एकदा संध्याकाळीच वीज गेली. सकाळी मी जीप सुरू करायला गेलो तर जीप मेलेली. बॉनेट उघडलं, बॅटरीच जागेवर नाही.

"मॅडम, बॅटरी चोरीला गेली!"

"चोरीला नाही गेली. आजाऱ्यापाशी आहे," त्या आतूनच म्हणाल्या. पाना घेऊन स्वतः काढून नेली होती. पेटीला लावून बॅटरी पार उतरवली होती. तो बाजाराचा दिवस. मिरच्या घेऊन आलेल्या माणसांना बोलावून जीप ढकलावी लागली, आणि ढकलणाऱ्यांत सगळ्यात पुढं मॅडम. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमना डायवर काय कामना?" मॅडम म्हणाल्या, "तो बसून सांगायच्या कामाचा." मला राग आला होता. आता हसू येतं.

रागावणं त्यांना फार यायचं. यंत्राच्या तिकाटण्याजवळ, म्हणजे तीन पायांच्या घोडीजवळ, विडी पेटवली तर हातातून काढून विझवायच्या. जेवताना हिरवी मिरची अशी कराकरा खायच्या की बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी. आणि एक खोड सगळ्यात वाईट. सकाळी ज्या दगडावर पहिलं माप घ्यायचं, संध्याकाळी कुठंही असलो तरी परत त्याच दगडावर येऊन शेवटचं घ्यायचं. रस्ता तोच, धूळ तीच. लोकांना वाटायचं बाईचं काहीतरी विसरलंय. मी एकदा चिडून म्हणालो, "सकाळी मोजलं ना? दगड काय दिवसभरात जेवून फुगला?"

"दगड नाही फुगत, नाना. स्प्रिंग थकते. तुम्ही सकाळी कसे असता आणि संध्याकाळी कसे असता? हिचंही तेच. किती थकली ते कळलं नाही तर दिवसभराची सगळी मापं फुकट."

दुसऱ्या संध्याकाळी मी न सांगताच जीप त्या दगडाकडं वळवली.

काम काय होतं ते मला जसं कळलं तसं सांगतो. देशात ठिकठिकाणी उंचीचे दगड आहेत. इंग्रजांच्या वेळेपासून समुद्राच्या काठावरून दुर्बीण आणि पट्टी घेऊन माणसं चालत आली, दर टप्प्याला चढउतार मोजत, आणि वाटेत दगडांवर बाणाची खूण करत गेली. हा दगड समुद्रापेक्षा इतका उंच, तो इतका. धरण, कालवा, रेल्वे, सगळं या दगडांच्या भरवशावर. आता आभाळात उपग्रह आले. खाली तिकाटण्यावर तबकडी ठेवून दिली की काही तासांत उंची मिळते. मग दगड कशाला आणि पेटी कशाला, हे मीच विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "उपग्रहाची उंची समुद्रापासून नसते. कागदावर मांडलेल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासून असते. पाणी कागद बघून वाहत नाही. जमीन जिकडं ओढते तिकडं वाहतं. म्हणून उपग्रहाच्या उंचीला जमिनीच्या ओढीची जोड द्यायची, आणि जुन्या दगडांशी ताडून बघायची. जमलं की पुढच्या पिढीला समुद्रापासून चालत यायला नको."

चोपड्याकडं एका केळीवाल्यानं पेटी बघून विचारलं, "ताई, हे कसलं वजन करतं?"

"जमिनीच्या ओढीचं. ती सगळीकडं सारखी नसते. सातपुड्याच्या पायथ्याशी वेगळी, तापीकाठी वेगळी."

तो विचारात पडला. केळीवाला माणूस, त्याचं सगळं आयुष्य काट्यावर. म्हणाला, "म्हंजे जिथं ओढ जास्त तिथं नेऊन मोजली तर माझी केळी जास्त भरतील?"

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "स्प्रिंगच्या काट्यावर भरतील, पण मुंगीलासुद्धा कळणार नाही इतकीच. आणि तराजूवर तेवढीही नाही, कारण तिथं वजनाच्या मापालाही तेवढीच जास्त ओढ."

"मग व्यापारी मारतो तो काटा कुठला?"

"तो माझ्या यंत्रात येत नाही, भाऊ."

त्यानं केळ्याचा अख्खा घड जीपमध्ये टाकला. प्रश्न कसाही असो, खरं उत्तर द्यायचं, ही त्यांची रीत. वत्सलेला त्यांचं हेच आवडलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मॅडम धुळ्यात एकट्याच होत्या, म्हणून मी त्यांना घरी आणलं. वत्सलेनं खापरावर मांडे केले, आंब्याचा रस केला. वाढताना म्हणाली, "अजून थोडा रस?" मॅडम म्हणाल्या, "थोडा म्हणजे किती?" वत्सलेनं सरळ तपेलीच त्यांच्यापुढं ठेवली. दोघी इतक्या हसल्या की मी उठून अंगणात गेलो. तिथून तो प्रश्न आमच्या घरात राहायला आला.

आता खरी गोष्ट.

साक्री तालुक्यात डोंगराकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लोक अजून आहेत. तिथं निंबाखाली पारावर असा एक उंचीचा दगड. पण त्याच्यावर शेंदराचा इतका थर की बाण तेवढा बोटाला लागायचा. गावाला तो बाण म्हणजे देवाची खूण. बाणदेव म्हणायचे. पेरणीच्या आधी बायका तिथं नारळ फोडायच्या.

मॅडम दगडापुढं उभ्या राहिल्या. सरपंच आबा म्हणाले, "बाई, पहिले हात जोडा."

"मी जोडत नाही, आबा. आमच्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध. पण हात लावायच्या आधी विचारते. लावू?"

आबांचा चेहरा आंबट झाला. पाराच्या कडेला जनाअक्का बसली होती, गावातली सगळ्यात म्हातारी, देवाची दिवाबत्ती तीच बघायची. ती म्हणाली, "लाव वं माय. ज्यासनी त्याले छिन्नी मारी, त्यासनी कोठे इचारं व्हतं?"

काम सुरू झालं. निंबामुळं आभाळ झाकलेलं, म्हणून तबकडी खळ्यात उघड्यावर लावली, आणि तिथून दुर्बिणीनं उंची दगडापर्यंत आणली. पेटी दगडापाशी ठेवली. चार दिवसांनी धुळ्याच्या मुक्कामी हिशोब जुळवताना मॅडमच्या कपाळाला आठी पडली. या दगडाच्या अलीकडचा दगड बरोबर जमत होता. पलीकडचा बरोबर जमत होता. हा मधलाच तेवढा, खात्यात लिहिलेल्या उंचीपेक्षा अर्ध्या मीटरहून बोट दोन बोटं जास्त. परत गेलो, परत मोजलं. तेवढंच.

"दगड हलवला का कोणी?" मॅडमनी गावात विचारलं.

"नाही." एकानं नाही, सगळ्यांनी.

"पार तर नवा दिसतो. सिमेंटचा."

"पार बांधला. देवाला कोणी हलवलं नाही," आबा म्हणाले. मुलांची शपथ घातली.

तेव्हाच बडे साहेब तपासणीला धुळ्यात आले. मनानं वाईट नव्हते. तरुणपणी पट्टी खांद्यावर घेऊन डोंगर पायी तुडवलेला माणूस, त्यामुळं जुन्या दगडांवर त्यांचा फार जीव. उपग्रहावर अजून बसला नव्हता. आकडा बघितल्यावर त्यांनी त्याच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला.

"इंगळे, दगड खोटं बोलत नाही. यंत्र बोलतं."

"दगड खोटं बोलत नाही, साहेब. पण हा चाललाय."

"गाव नाही म्हणतं. मग चूक तुमच्या रीतीत. रीत चुकली असेल तर हा सगळा पट्टा पुन्हा जुन्या पद्धतीनं होईल, आणि तुम्ही कार्यालयात टेबल घ्या. मी आधीच म्हणालो होतो, बाईमाणसानं हे फिरतीचं..."

बाकीचे साहेब लोक टेबलाकडं बघत होते. फिरतीवर यायला ही बाई किती भांडली होती ते त्यांना माहीत होतं. पूर्ण हंगामाचं काम आणि त्यांचं फिरणं, दोन्ही त्या लाल गोलात अडकलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उद्या गावात चला, साहेब."

जीपमध्ये मी न राहवून म्हणालो, "मॅडम, शपथ घेऊन लोक खोटं बोलत नाहीत. चुकलं असेल तर कबूल करून मोकळ्या व्हा."

"चुकलं असतं तर कबूल केलंच असतं. चुकलेलं नाही." आवाजात राग नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं, तसं म्हणाल्या.

गाव पाराभोवती जमलं. साहेबांनी सरकारी आवाज काढला. "हा दगड कोणी उचलला? सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे."

आबांनी परत शपथ घेतली. साहेबांनी मॅडमकडं बघितलं, झालं समाधान, अशा नजरेनं. मॅडम जनाअक्काशेजारी पारावर बसल्या.

"अक्का, पार बांधायच्या आधी देव कुठं होता?"

"आठेच," अक्कानं बसल्या जागी बोट टेकवलं.

"मग त्याच्याखाली सिमेंट कसं गेलं?"

आबांनी खाकरून तिला खूण केली. अक्का त्यांच्यावरच उखडली. "काय खाकरस रे? मी काय चोरी कयी का?" मग मॅडमकडं वळून म्हणाली, "बाई, देव सोता वर उना. पार उंच व्हयना, देवले खाल खड्डामा करमे ना. आम्हीन पूजा कयी. पोरेसनी नुसता हात लावा. त्यानी सोताच अंग हलकं कयं आनि वर उना."

साहेब मोठ्यानं हसले. "म्हणजे उचललाच ना!"

तिथंच बिघडलं असतं. आबा उठून उभे राहिले, मागची तरुण पोरं पुढं आली. "साहेब, देवाला खोटं म्हणता? आम्ही शपथ घेतलीय. उचलला नाही म्हणजे नाही!" आणखी एक शब्द, आणि गाव कायमचं मुकं झालं असतं.

मॅडमनी हात वर केला. "कोणी उचलला नाही. देव वर आला. माझी काही तक्रार नाही, आबा, बसा." मग अक्काकडं तोंड करून, रस वाढताना विचारावं तसं विचारलं, "अक्का, किती वर आला?"

"गह्यरा," अक्का म्हणाली. पुष्कळ, असं.

"गह्यरा म्हणजे किती?"

अक्कानं पदर खोचला. उजवा हात कोपरापासून उभा धरला, बोटांच्या टोकावर डाव्या हाताची मूठ ठेवली. "इतला. मी सोता देखा. एक हात आनि एक मूठ. नारळ फोडाले वाकनं पडे, आते नही पडत."

मॅडमनी खिशातून फीत काढली. स्वतः लावली नाही, साहेबांच्या हातात दिली. साहेब वाकले, अक्काच्या कोपराला एक टोक धरलं, मुठीपाशी वाचलं. पुन्हा वाचलं. अर्ध्या मीटरच्या वर बोट दोन बोटं. लाल गोलातला आकडा.

साहेबांनी फीत गुंडाळली. मग टोपी काढून पारावर टेकले आणि आबांना म्हणाले, "चहा मिळेल का हो?" तिथं गाव हललं. चहा आला, शेंगदाणे आले. साहेबांनी विचारलं, "इंगळे, अहवालात काय लिहाल?"

"निशाणाची जागा बदललेली आहे. कारण स्थानिक."

"म्हणजे?"

"म्हणजे देव वर आला."

साहेबांच्या नाकात चहा गेला. पण माणूस मोकळा. परत निघताना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची रीत बरोबर आहे. पट्टा पुढं न्या. तुम्हीच न्या." नंतर हळू आवाजात, "दगडाची नवी उंची लिहून टाका, झालं."

मॅडमनी तेही ऐकलं नाही. "नको, साहेब. एकदा वर आलेला देव परत वर येईल." मग आबांकडं वळून म्हणाल्या, "देव तुमचा राहू दे, खूण मला खडकात द्या."

आता त्या गावातला आमचा शेवटचा दिवस. आठवड्यानंतर आम्ही परत त्या गावात गेलो. वत्सलेला पिंपळनेरला बहिणीकडं जायचं होतं, मॅडम म्हणाल्या, "मागं बसवा की, पेटीला सोबत होईल." खळ्याच्या मागं जमिनीतूनच वर आलेला काळा खडक होता, गावानं तो दाखवला. मॅडमनी त्यात भोक पाडून पितळेची खूण बसवली. गुडघ्यावर बसून तोंडानं धूळ फुंकत होत्या. वेणीवर, भुवयांवर खडकाचं पीठ. बायका कुंकू घेऊन आल्या, तशा ओरडल्या, "याला काही लावायचं नाही!"

"मंग काय करानं?" अक्कानं विचारलं.

"काहीच नाही. याला एकटा सोडायचा."

"आनि हाऊ कितला उंच शे?"

मॅडमनी आकडा सांगितला. आकडा मी विसरलो. अक्काला तो पटला नाही. "उंच, पन कोठून?"

"समुद्रापासून."

"तो कोठे शे?"

मॅडम उठल्या, गुडघे झटकले आणि मावळतीच्या डोंगराकडं बोट दाखवलं. "तिकडं. त्या डोंगराच्या मागं, गुजरात ओलांडून."

अक्कानं मान हलवली. "कसं जमी, बाई? आमनी पांझरा तर तिकडे जास," आणि तिनं बरोब्बर उलट्या दिशेला, धुळ्याकडं हात केला. लोक हसले. आता बाई सापडली म्हणून.

"जाते ना. आधी तिकडंच जाते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात लांब केला आणि सगळ्यांच्या डोक्यावरून नदी नेली. आधी धुळ्याकडं, मग वरती तापीला, मग तापीबरोबर मागं फिरून, डोंगराच्या पलीकडून, पश्चिमेला. हात फिरला तशा गावाच्या माना फिरल्या, आबांची, पोरांची, अक्काची. पुढं त्यांची बदली झाली आणि मी त्यांना परत बघितलं नाही. मला त्या आठवतात त्या अशाच, खडकावर उभ्या, अंगभर धूळ, हात समुद्राकडं.

तिथं नुसता डोंगर होता. वत्सला माझ्या शेजारी कपाळावर तळहात धरून बघत होती.

"काय दिसस?" मी विचारलं.

"डोंगर," ती म्हणाली. "पन बाई सांगस ना. समुद्र व्हई तठे."